दक्षिणेपासून संशोधन-अनुदानापर्यंत

विद्यापीठातील अध्यापकाला ठरावीक विषयावर, ठरावीक मुदतीत आणि आधी मांडलेल्या अंदाजपत्रकाप्रमाणे काम करण्यासाठी एखाद्या संस्थेकडून जो पैसा मिळतो त्याला आज संशोधन-अनुदान म्हणतात, आणि या व्यवस्थेचा इतिहास बहुधा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या स्थापनेपासून, म्हणजे १९५३ पासून, सांगितला जातो. महाराष्ट्रापुरते पाहिले तर ही सुरुवात फार उशिराची ठरते. विद्वानाला सार्वजनिक खजिन्यातून पैसा द्यावा की नाही, द्यावयाचा तर कोणत्या विद्येला द्यावा, पात्रता कोणी ठरवावी आणि पैसे घेणाऱ्याने बदल्यात काय दाखवावे, हे चारही प्रश्न पुण्यात अठराव्या शतकापासून सतत वादाचे विषय राहिले आहेत. आणि ज्या निधीभोवती हा वाद दीडशे वर्षे फिरत राहिला तो निधी श्रावणातील दक्षिणेचा होता.

या दक्षिणेची सुरुवात तळेगावच्या दाभाडे घराण्याकडे जाते. सेनापती खंडेराव दाभाडे श्रावण महिन्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत असत. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडल्यानंतर घराण्याचे बळ ओसरले, आणि पुढे हा उपक्रम पेशव्यांनी पुण्यात आपल्याकडे घेतला. पर्वतीच्या पायथ्याशी यासाठी भिंतींनी बंदिस्त केलेले मोठे आवार होते, त्याला रमणा म्हणत. श्रावणात देशाच्या निरनिराळ्या भागांतून हजारो ब्राह्मण तेथे जमत आणि दक्षिणेचा वार्षिक खर्च भरभराटीच्या काळात काही लाख रुपयांवर जाई. रमण्यातील वाटप हे मुख्यतः दानधर्माचे काम होते आणि तेथे विद्येची कसून तपासणी होत नसे. परंतु शास्त्री आणि वैदिक मंडळींसाठी वेगळी व्यवस्था असे, त्यांची परीक्षा घेतली जाई आणि विद्वत्तेच्या मानाने त्यांना अधिक रक्कम मिळे. या दुसऱ्या भागातच पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज आहे, कारण परीक्षा आली की परीक्षक आले, परीक्षक आले की कोणती विद्या मोठी हे ठरवणारा क्रम आला, आणि तो क्रम खजिन्याच्या वहीत आकड्यांनी नोंदला जाऊ लागला.

त्या व्यवस्थेत पैसा मिळत होता तो आधीच संपादन केलेल्या विद्येबद्दल. शास्त्री पुढील वर्षी काय लिहिणार, कोणता नवा प्रश्न सोडवणार, हे कोणी विचारत नव्हते आणि विचारण्याचे कारणही नव्हते, कारण विद्या जशीच्या तशी सांभाळणे आणि पुढच्या पिढीला देणे हेच तिचे कार्य मानले जात होते. सन्मान व्यक्तीचा होता. काम हा हिशेबाचा विषय नव्हता. दक्षिणेचे रूपांतर अनुदानात झाले ते नेमके हे नाते उलटल्यामुळे, आणि ते उलटायला सुमारे एक शतक लागले.

१८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्यापुढे दक्षिणेचा प्रश्न लगेचच उभा राहिला. ती एकदम बंद केली तर पुण्यातील प्रतिष्ठित वर्ग कायमचा दुरावेल ही भीती होती, आणि पूर्वीप्रमाणे चालू ठेवली तर कंपनीच्या हिशेबात तो निष्फळ खर्च दिसणार होता. मधला मार्ग असा निघाला की रमण्यातील सरसकट वाटप थांबवून रक्कम वर्षाला सुमारे ५० हजारांपर्यंत आणावी, ती विद्वानांपुरती ठेवावी आणि निधीचा काही भाग शिक्षणाकडे वळवावा. त्यातून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तेथे वेद, न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, अलंकार, ज्योतिष, वैद्यक हे विषय शास्त्री शिकवीत आणि विद्यार्थ्यांना दरमहा वेतन मिळे. १८३० च्या दशकात सरकारने आणखी एक निर्णय घेतला: ज्यांना दक्षिणा मिळते त्यांना ती हयातभर मिळावी, परंतु नवी नावे यादीत घेऊ नयेत. या निर्णयाचा परिणाम सावकाश पण निश्चित होता, कारण दर वर्षी काही वृद्ध शास्त्री निवर्तत आणि तेवढी रक्कम मोकळी होई. मोकळ्या झालेल्या पैशावर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यामुळे अटळ झाला.

१८४९ मध्ये तो उघडपणे पुढे आला. गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, आणि पुण्यातील काही सुधारणावादी तरुण यांनी सरकारकडे अर्ज केला की हा पैसा चांगले मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना, जात न पाहता, बक्षीस म्हणून द्यावा. अर्ज लहान असला तरी त्यातील मागणी मोठी होती, कारण तिने एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या: संस्कृतच्या जागी मराठी आली, जन्माच्या अटीऐवजी ग्रंथाची अट आली, आणि मिळवलेल्या विद्येऐवजी प्रत्यक्ष निर्माण केलेली वस्तू पुढे ठेवणे आवश्यक झाले. पुण्यातील जुन्या मंडळींचा रोष इतका होता की, जोतीराव फुले यांच्या चरित्रकारांनी नोंदवल्याप्रमाणे, अर्ज करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी फुले आपल्या श्रमिक आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या सोबत्यांना घेऊन उभे राहिले. सरकारने मागणी मोठ्या प्रमाणात मान्य केली, आणि १८५१ च्या सुमारास दक्षिणा प्राइज कमिटी काम करू लागली. ही समिती मराठी ग्रंथ आणि भाषांतरे मागवी, ती परीक्षकांकडे पाठवी आणि पसंत पडल्यास लेखकाला रोख बक्षीस देई. आज ज्याला तज्ज्ञांकडून परीक्षण म्हणतात त्याचा मराठीतील हा पहिला सुसंघटित प्रयोग म्हणता येईल.

या प्रयोगातील मोठी उणीवही लवकरच उघड झाली आणि ती त्याच फुल्यांच्या वाट्याला आली. शेतकऱ्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊन भिक्षुक जोशी त्याला कसा नागवतो हे दाखवणारे 'तृतीय रत्न' हे नाटक त्यांनी १८५५ मध्ये लिहून समितीकडे पाठवले. समितीने ते नाकारले, आणि ब्राह्मण सभासदांच्या वजनामुळे युरोपीय सभासदांचे काही चालले नाही असा स्पष्ट आरोप फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त केला. हे नाटक छापून वाचकांपुढे येण्यास १९७९ साल उजाडले. म्हणजे जन्माची अट कागदावरून गेली तरी परीक्षकांची निवड ज्या वर्गातून होत होती तो वर्ग बदलला नव्हता, आणि निवड समितीत कोण बसतो यावर काय लिहिले जाईल हे ठरते, ही गोष्ट मराठी समाजाला विद्यापीठ स्थापन होण्याच्या दोन वर्षे आधीच अनुभवाने कळली. संशोधनाला मिळणाऱ्या मदतीच्या इतिहासात हा प्रसंग तळटीपेत टाकण्याजोगा नाही. निर्णय कोणाच्या हाती हा प्रश्न त्यानंतर ज्या ज्या वेळी विचारला गेला, त्या प्रत्येक वेळी त्याच्या मागे हाच प्रसंग उभा असलेला दिसतो.

दक्षिणा निधीचे दुसरे नवे रूप म्हणजे दक्षिणा फेलोशिप. पाठशाळेचे १८५१ मध्ये पूना कॉलेजात आणि १८६४ मध्ये डेक्कन कॉलेजात रूपांतर होत असतानाच, हुशार तरुणांनी पुढे अभ्यास करावा, खालच्या वर्गांना शिकवावे आणि त्याबद्दल दरमहा निश्चित रक्कम घ्यावी अशी व्यवस्था पुण्यातील आणि मुंबईतील सरकारी महाविद्यालयांत सुरू झाली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८५९ मध्ये असे फेलो झाले. शिक्षण खात्याचे संचालक हॉवर्ड यांच्या सूचनेवरून ते संस्कृतच्या सखोल अध्ययनाकडे वळले, आणि या वेतनामुळेच पुण्याच्या शास्त्र्यांकडे बसून पारंपरिक पद्धतीने व्याकरण-न्याय शिकण्याची सवड त्यांना मिळाली. महादेव गोविंद रानडे यांना कनिष्ठ फेलो म्हणून ६० आणि पुढे वरिष्ठ फेलो म्हणून १२० रुपये दरमहा मिळत. एल्फिन्स्टन कॉलेजात फिरोजशहा मेहता हेही दक्षिणा फेलो होते. सेनापती दाभाड्यांनी श्रावणातील ब्राह्मणांसाठी सुरू केलेल्या परंपरेतील पैसा एका पारशी तरुणाच्या अध्ययनाला उपयोगी पडावा, यावरून त्या निधीने सव्वाशेहून अधिक वर्षांत केवढे अंतर कापले हे लक्षात येते. फेलोशिपने आणखी एक गोष्ट साधली: अध्यापन करणारा तरुण आणि संशोधन करणारा तरुण एकच असावा ही कल्पना रूढ केली. मुंबई विद्यापीठ १८५७ पासून केवळ परीक्षा घेणारी संस्था होते आणि १९०४ च्या कायद्यापर्यंत त्याला स्वतः शिकवण्याचा मार्गच मोकळा नव्हता, तेव्हा हा दुवा महाविद्यालयांतील थोड्याशा फेलोंनीच टिकवून धरला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यक्तीऐवजी कामाला पैसा देण्याचे पहिले मोठे उदाहरण हस्तलिखितांच्या शोधातून पुढे आले. १८६८ मध्ये हिंदुस्थान सरकारने देशभरातील संस्कृत पोथ्या शोधणे, त्यांच्या याद्या करणे आणि शक्य त्या विकत घेणे यासाठी वर्षाला २४ हजार रुपये मंजूर केले आणि ते निरनिराळ्या प्रांतांत वाटून दिले. मुंबई इलाख्यात हे काम ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन आणि भांडारकर या महाविद्यालयांतील व शिक्षण खात्यातील विद्वानांकडे आले. त्यांनी गुजरात, राजपुताना, दख्खन येथील मठ, भांडारे आणि घराणी पालथी घातली आणि प्रत्येक टप्प्याचा छापील अहवाल सरकारला सादर केला. या अहवालांत कोणती पोथी कोठे मिळाली, ती किती जुनी, तिच्यातून कालगणनेला काय आधार मिळतो, याची चर्चा असे. म्हणजे खर्चाचा हिशेब आणि ज्ञानाची भर या दोन्ही गोष्टी एकाच कागदपत्रात आल्या. भांडारकरांचे अहवाल आजही स्वतंत्र संशोधनग्रंथ म्हणून वाचले जातात, आणि सरकारी अहवालाला इतकी योग्यता क्वचितच लाभली असेल.

हा पोथीसंग्रह डेक्कन कॉलेजात वाढत गेला आणि १९१८ मध्ये तो ६ जुलै १९१७ रोजी स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे सोपवण्यात आला. त्याबरोबर संग्रहाच्या देखभालीसाठी वर्षाला ३ हजार आणि संस्कृत-प्राकृत ग्रंथमाला चालवण्यासाठी १२ हजार रुपयांचे सरकारी अनुदानही आले. याच संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे उपलब्ध पोथ्यांतील पाठभेद तोलून शक्य तितका जुना पाठ निश्चित करणारी आवृत्ती, सिद्ध झाली. मराठी मुलखातील संशोधनाला पैसा कसा मिळाला आणि तो कसा खर्च झाला याचे याहून बोलके उदाहरण दुसरे नाही.

अशी आवृत्ती काढावी ही मागणी ऑस्ट्रियन पंडित विंटरनिट्झ यांनी १८९७ मध्ये केली होती, युरोपातील विद्वत्संस्थांनी ती उचलून धरली होती आणि जर्मन पंडित ल्यूडर्स यांनी आदिपर्वाचा नमुनाही तयार केला होता. परंतु १९१४ च्या महायुद्धाने तो बेत मोडला. पुण्यात त्याला चालना मिळाली ती औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्यामुळे. त्यांनी १९१८ मध्ये हप्त्याहप्त्याने एकूण एक लाख रुपये देण्याचे वचन दिले, आणि स्वतः चित्रकार असल्यामुळे आवृत्तीसाठी चित्रेही काढली. १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध भांडारकरांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला. पहिली काही वर्षे पद्धत निश्चित करण्यात गेली आणि १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रधान संपादक झाले. त्यांचे आरंभीचे शिक्षण केंब्रिजला गणितात झाले होते आणि पुढे बर्लिनमध्ये ल्यूडर्स यांच्या हाताखाली ते भाषाशास्त्रात तयार झाले होते.

काम कसे चाले हे जवळून पाहिल्याशिवाय अनुदान कोठे जात होते ते समजत नाही. एका श्लोकाला एक मोठा कागद घेतला जाई. त्याच्या माथ्यावर प्रचलित पाठातील श्लोक चौकटींत अक्षर अक्षर सुटे करून लिहिलेला असे. खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ असे, आणि जेथे ती पोथी वेगळे अक्षर देते तेथे बरोबर त्याच चौकटीखाली ते अक्षर नोंदले जाई. जेथे भेद नसे तेथे जागा कोरी राही. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्या वाचू शकणारी माणसे एका ठिकाणी मिळणे अशक्य होते, म्हणून बंगाली पोथ्यांचे काम शांतिनिकेतनात आणि दक्षिणेकडील लिप्यांचे तंजावरात होई. एकाने वाचून नोंदलेले दुसऱ्याने ताडून पाहावे लागे. एकट्या आदिपर्वाच्या पाठनिश्चितीसाठी सुमारे ६० पोथ्या प्रत्यक्ष उपयोगात आणल्या गेल्या, आणि त्या पर्वाचा खंड पुरा होण्यास १९३३ साल उजाडले. या कामात महागडे उपकरण काही नव्हते. लागत होते ते शास्त्र्यांचे आणि लेखनिकांचे पगार, पोथ्यांची ने-आण आणि छपाई, आणि हे सारे वर्षानुवर्षे न खंडता.

म्हणूनच औंधच्या देणगीने काम सुरू झाले तरी ती पुरणारी नव्हती. मुंबई सरकार, हिंदुस्थान सरकार, बडोदे व म्हैसूर ही संस्थाने, मुंबई विद्यापीठ आणि लंडनची ब्रिटिश अकादमी यांच्याकडून मदत मिळवावी लागली. हैदराबादच्या निजामांनी १९३२ पासून प्रकाशनासाठी दर वर्षी १ हजार रुपये दिले आणि अतिथिगृहाचाही खर्च उचलला. प्रत्येक दात्याला वेगळे निवेदन आणि वेगळा अहवाल पाठवावा लागे, आणि वाल्मीकी-व्यासांच्या वाङ्मयावर हयात घालवलेल्या विद्वानांचा पुष्कळ वेळ या पत्रव्यवहारात जाई. सुकथनकर २१ जानेवारी १९४३ रोजी गेले. त्यांच्यानंतर श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि मग परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी काम पुढे नेले, आणि सप्टेंबर १९६६ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत ते पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. १९ खंड, १३ हजारांवर पृष्ठे आणि ४७ वर्षे. या दीर्घ काळात देणारे बदलले, राज्य बदलले, संपादक बदलले, परंतु कामाची पद्धत बदलली नाही, आणि हेच त्या आवृत्तीच्या विश्वासार्हतेचे खरे कारण आहे.

याच सुमारास अनुदानाच्या परिघाबाहेर राहून झालेले कामही नोंदले पाहिजे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड काढले ते गावोगाव पायी फिरून, दप्तरे सोडवून, बहुतांशी स्वतःच्या आणि स्नेह्यांच्या पैशाने. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढून भाग विकले आणि वर्गणीदार जमवून २३ खंड पुरे केले. या दोघांच्या कामाची किंमत त्यांच्या प्रकृतीने आणि संसाराने चुकवली, आणि ती गौरवाची गोष्ट म्हणून सांगणे त्यांच्यावर अन्यायाचे आहे. व्यवस्था कोणाकडे पाहू शकत नव्हती याची ती नोंद आहे.

विज्ञान आणि समाजशास्त्रे यांना पैसा मिळू लागला तो निराळ्या दात्यांमुळे, आणि दाता बदलला की विद्यांचा क्रमही बदलला. मुंबई विद्यापीठाने १९१९ मध्ये अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांची शाखा उघडून पॅट्रिक गेडिस यांना आणले, परंतु कापडगिरण्यांच्या शहरात उदार देणग्या आल्या त्या १९३३ मध्ये सुरू झालेल्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाला. तेथे पहिला भर वस्त्ररसायनावर होता आणि के. वेंकटरामन यांनी रंगद्रव्यांवर केलेले संशोधन जगभर गाजले. पुण्यात रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या हाताखाली खेड्यांच्या व शहरांच्या पाहण्या सुरू झाल्या. दुसऱ्या महायुद्धात सरकारला उद्योगांची निकड भासली तेव्हा औद्योगिक संशोधनासाठी वर्षाला १० लाख रुपयांचा निधी पाच वर्षांसाठी मंजूर झाला आणि १९४२ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली. एवढी रक्कम संस्कृत, इतिहास किंवा भाषाशास्त्र यांच्या वाट्याला कधीच आली नव्हती. होमी भाभा यांनी १९४४ मध्ये टाटा विश्वस्तांना पत्र लिहून मूलभूत भौतिकशास्त्रासाठी संस्था मागितली, आणि १९४५ मध्ये ती टाटा न्यास, मुंबई सरकार व ही परिषद यांच्या संयुक्त पैशावर उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतर ही सगळी विखुरलेली सूत्रे केंद्राकडे एकवटली. राधाकृष्णन आयोगाच्या शिफारशीवरून विद्यापीठ अनुदान आयोग १९५३ मध्ये सुरू झाला आणि १९५६ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. सामाजिक शास्त्रांसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र परिषद निघाली, तिचे पहिले अध्यक्ष गाडगीळ आणि पहिले सचिव जे. पी. नाईक होते, इतिहासासाठीची परिषद १९७२ मध्ये आली. आयोगाच्या लघु आणि बृहत् संशोधन प्रकल्पांमुळे जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील अध्यापकालाही प्रथमच हक्काने अर्ज करता येऊ लागला, हा फार मोठा लाभ होता. त्याचबरोबर अंदाजपत्रकाची शीर्षे, मुदत, आणि पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाला असे सांगणारे उपयोगिता प्रमाणपत्र यांची एकच चौकट सर्व विद्यांना लागू झाली. प्रयोगशाळेतील कामाला दोन-तीन वर्षांची मुदत बहुधा मानवते. शब्दकोश, पाठचिकित्सा, बोलींची नोंद किंवा उत्खनन यांना ती मानवत नाही.

डेक्कन कॉलेजाचा पुढचा इतिहास याची साक्ष देतो. काटकसरीसाठी सरकारने ते १९३४ मध्ये बंद केले, माजी विद्यार्थ्यांनी जमशेटजी जीजीभाई यांच्या मूळ देणगीच्या अटींच्या आधारे न्यायालयात लढा दिला, आणि ऑगस्ट १९३९ मध्ये ते केवळ पदव्युत्तर अध्ययन व संशोधनाची संस्था म्हणून पुन्हा उघडले. हसमुख सांकळिया, इरावती कर्वे आणि सुमित्र कत्रे यांचे काम तेथेच बहरले. कत्रे यांनी १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत शब्दकोश हाती घेतला. सुमारे दीड हजार ग्रंथांतून प्रत्येक शब्दाचे प्रयोग वेचून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या, १९७० च्या दशकात छापील भाग येऊ लागले, आणि आजवर प्रसिद्ध झालेले तीसहून अधिक भाग 'अ' या पहिल्या अक्षराच्याच नोंदींचे आहेत. चिठ्ठ्या वेचणारी पिढी केव्हाच निवृत्त झाली आहे, आणि संस्कृत, कोशविद्या व जुन्या लिप्या या तिन्हींत तयार झालेल्या संपादकांच्या जागा मंजूर होणे आणि त्या भरल्या जाणे यावर कोशाचा पुढचा भाग कधी निघेल हे अवलंबून आहे.